वीस रुपयांची चाल

पुणे-सोलापूर महामार्गावर, माढा तालुक्यात मोडनिंब हे गाव आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारी रेल्वे या गावावरून जाते. एके काळी याच मार्गावर बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावत असे. हिवाळ्यात येथे बोरांचा मोठा बाजार भरतो. लावणीच्या कला केंद्रांमुळेही हे नाव रसिकांच्या परिचयाचे आहे. आमचा आणि या गावाचा संबंध मात्र वेगळ्या कारणाने आला. तेथे व आसपास नोकरीधंद्यानिमित्त राहणारी काही कॅथलिक कुटुंबे आहेत. काही वर्षांपूर्वी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे संत स्टीफनच्या सणाच्या संध्याकाळी, त्यांच्यापैकी एका घरी आम्ही मिस्सा अर्पण केली आणि रात्री तेथेच मुक्काम केला.

त्या रात्री जे घडले ते तसे पाहिले तर काहीच नव्हे. सांगण्यासारखा प्रसंग नाही, वर्तमानपत्रात येण्यासारखा तर नाहीच. तरीही तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राची जी पुस्तके आम्ही पाठ केली, ती सर्व या एका प्रश्नाच्या निमित्ताने पुन्हा उघडावी लागली. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

जेवणे झाली. स्त्रिया मागच्या पडवीत गप्पा मारीत बसल्या. पुरुषांनी ओसरीवर सतरंजी अंथरली आणि पत्त्यांचा जोड बाहेर निघाला. खेळ होता तीन पत्तीचा. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाने आरंभी ठरलेली लहान रक्कम मध्ये टाकायची. तिला ‘बूट’ म्हणतात. प्रत्येकास तीन पाने मिळतात. मग पाळीपाळीने प्रत्येकाने एकतर पैसे टाकून ‘चाल’ करायची, नाहीतर पाने खाली ठेवून डाव सोडायचा, म्हणजे ‘पॅक’ व्हायचे. पाने न पाहता खेळणारा ‘ब्लाइंड’ खेळतो व पाने पाहिलेल्याच्या निम्म्या पैशांत त्याचे भागते. शेवटी दोघे उरले म्हणजे ‘शो’ मागता येतो. ज्याची पाने मोठी त्याचे सर्व पैसे.

“फादर, तुम्हीही बसा. दोन रुपयांचा बूट आहे, वीस रुपयांच्या वर चाल न्यायची नाही. नुसती करमणूक!” यजमान म्हणाले. आम्हास पत्ते येतात. लहानपणी आजोळी शिकलो होतो. नाही म्हणणे शिष्टपणाचे वाटले असते. आम्ही बसलो.

आम्ही सात जण होतो. यजमान सरकारी नोकरीत, एक गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, दोघे साखर कारखान्यात पगारदार, एकाचे दुकान. सातवा होता यजमानांच्या सुनेचा भाऊ, पंचविशीतला एक अबोल तरुण. तो बोरांच्या व डाळिंबांच्या गुदामात माल निवडण्याचे व खोकी भरण्याचे काम करी. मजुरी रोजाची. काम असेल त्या दिवशी साडेतीनशे रुपये, नसेल त्या दिवशी काही नाही. हे अर्थातच आम्हास दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री तो आमच्या दृष्टीने फक्त डावीकडचा खेळाडू होता.

तास-दीड तास खेळ रंगला. शेवटच्या डावात आम्हास सत्तीची जोडी आली. पान बरे होते, फार मोठे नव्हते. मध्ये दीडशेच्या वर रुपये जमले होते. त्या तरुणाने वीसची चाल केली. आमच्या मनात तेव्हा काय आले ते आम्हास स्पष्ट आठवते: वीसच रुपये तर आहेत. आम्ही वीस टाकले. यजमानांनी टाकले. तो पुन्हा वीस, आम्ही पुन्हा वीस. यजमान पॅक झाले. शेवटी आम्ही शो मागितला. त्याच्याकडे नुसता एक्का होता, जोडी नव्हती. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. “फादरांना नाताळची भेट मिळाली!” असे कोणीतरी म्हणाले आणि आम्ही सव्वातीनशे रुपये हसत हसत आपल्याकडे ओढले.

सकाळी चहा देताना घरची माउली सहज बोलून गेल्या, तक्रारीचा सूर नव्हता. रात्री त्या मुलाचे सहा-साडेसहाशे रुपये गेले होते. दोन दिवसांची मजुरी. त्याच पैशांतून आज तो आईला सोलापूरला डोळे तपासण्यासाठी नेणार होता. आता पुढच्या आठवड्यात पाहू म्हणाला. “पोरगं काही बोलत नाही हो फादर, सगळे खेळतात म्हणून बसतं.”

त्या रात्री त्या तरुणाची एकही चाल वीस रुपयांहून मोठी नव्हती. कोणी लबाडी केली नव्हती. कोणी दारू प्यालेले नव्हते. कोणी कोणावर जबरदस्ती केली नव्हती. मग त्या म्हाताऱ्या माउलीची तपासणी आठवडाभर कोणी पुढे ढकलली?

आमचा एक भाचा पुण्यात नोकरीस आहे. हिशेबात अत्यंत तल्लख. मित्रांबरोबर गोव्यास गेला असता मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर तो पोकर खेळून आला होता. पोकर हा तीन पत्तीचाच पाश्चात्त्य भाऊबंद आहे. हा प्रसंग आम्ही त्यास सांगितला तेव्हा तो म्हणाला, “मामा, खेळ म्हणून पाहिलंत तर तुमचं काही चुकलं नाही.” आणि त्याने कागदावर मांडून दाखवले.

मध्ये शंभर रुपये आहेत व समोरच्याने वीस टाकले असे समजा. आता तुम्हास वीस टाकून एकशेवीस जिंकण्याची संधी आहे. सात वेळांत एकदा जरी तुम्ही जिंकलात तरी तुमची तोंडमिळवणी होते. समोरच्याने वीसऐवजी शंभर टाकले असते, तर तीनांत एकदा जिंकावे लागले असते. म्हणजे पैज जितकी लहान तितकी ती स्वीकारणे स्वस्त. शिवाय समोरासमोर बसून हलक्या पैशांचा खेळ चालतो तेथे लहान चाल पुष्कळदा दुबळ्या पानांची खूण असते. पाने टाकवत नाहीत आणि मोठे पैसे लावण्याची हिंमत नाही, म्हणून माणूस थोडेसे टाकून पुढचे पाहू इच्छितो. तेव्हा लहान पैज आली की दोन प्रश्न विचारायचे: जमलेल्या रकमेच्या मानाने ही किती, आणि टाकणारा ती का टाकतो आहे? कधी स्वीकारायची, कधी उलट वाढवून त्यास पळवून लावायचे, कधी सोडून द्यायचे. “नवशिका मात्र,” तो पुढे म्हणाला, “तिसरंच करतो. स्वस्त आहे म्हणून प्रत्येक लहान पैज स्वीकारत राहतो आणि रात्र संपल्यावर खिसा चाचपतो.”

या गणिताचा आम्ही अवमान करीत नाही. संभाव्यतेचे शास्त्र जन्मास आले तेच मुळी जुगाराच्या एका प्रश्नातून. अर्धवट राहिलेल्या डावातले पैसे खेळाडूंत न्यायाने कसे वाटावेत, याविषयी १६५४ साली ब्लेझ पास्काल व पिएर द फर्मा या दोन फ्रेंच विद्वानांत पत्रव्यवहार झाला. त्यांपैकी पास्काल हा पुढे ख्रिस्ती श्रद्धेचा थोर कैवारी झाला. त्याचा मूळ प्रश्न नफ्याचा नव्हता, न्याय्य वाटणीचा होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु भाच्याने मांडलेल्या हिशेबात आम्हास एक उणीव दिसली. त्याचे माप होते मध्ये जमलेल्या रकमेचे. त्या मापाने वीस रुपये लहान होते. आम्ही त्या रात्री नकळत दुसरे माप वापरले होते, आमच्या स्वतःच्या खिशाचे. त्या मापानेही वीस रुपये लहान होते. तिसरे एक माप होते, डावीकडे बसलेल्या तरुणाच्या खिशाचे. ते आम्ही लावलेच नाही. त्या मापाने वीस रुपये म्हणजे गुदामातील अर्ध्या तासाचे काम होते, आणि अशा तीस-बत्तीस चालींची मिळून एका आईच्या डोळ्यांची तपासणी होती.

ख्रिस्तसभेची शिकवण या विषयावर काय सांगते? पुष्कळ भाविकांची अशी समजूत असते की पत्त्यांस हात लावणे म्हणजेच पाप. तसे नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली प्रसृत केलेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४१३ याच विषयावर आहे. त्याचा आशय असा: नशिबाचे खेळ व पैजा या स्वतःहून न्यायविरोधी नाहीत. मात्र स्वतःच्या व इतरांच्या गरजा भागवण्यास जे आवश्यक, तेच त्यांमुळे हिरावले जाऊ लागले की त्या नीतीस सोडून होतात. आणि जुगाराची ओढ माणसास गुलाम करू शकते. याच परिच्छेदात पुढे अन्याय्य पैज व खेळातील फसवणूक यांना गंभीर दोष म्हटले आहे. अपवाद ठेवला आहे तो इतक्या किरकोळ नुकसानीचा, की ज्याचे नुकसान झाले त्यालाच ते समंजसपणे विशेष वाटू नये.

हा शेवटचा भाग फसवणुकीविषयी आहे आणि आमच्या ओसरीवर फसवणूक झाली नव्हती, हे खरे. परंतु किरकोळ म्हणजे काय हे कोणी ठरवायचे, याचे उत्तर त्यात आले आहे. ते जिंकणाऱ्याने ठरवायचे नाही, प्रेक्षकाने ठरवायचे नाही, गणिताने तर नाहीच. ज्याचे गेले त्याने ठरवायचे.

सेमिनरीतील जुन्या नीतिशास्त्रातही हाच सूर होता. चोरी गंभीर की किरकोळ हे ठरवताना आमचे प्राध्यापक सांगत, की ज्याचे गेले त्याची एका दिवसाची कमाई हे साधारण माप धरावे. श्रीमंताचे शंभर व हमालाचे शंभर हे एक नव्हेत. लहान लहान चोऱ्या कितीही केल्या आणि त्यांची बेरीज कितीही मोठी झाली तरी परतफेडीचे गंभीर बंधन येत नाही, असे एक सोयीचे मत सतराव्या शतकात काही पंडित मांडीत असत. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली ज्या ६५ शिथिल मतांचा निषेध केला, त्यांत हेही एक होते. पैज म्हणजे चोरी नव्हे, आम्ही दोहोंस एका दावणीस बांधीत नाही. परंतु ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीइतकीच नुकसानीसही लागू पडते. तळे भरताना दिसते. आटताना प्रत्येक थेंब किरकोळच वाटतो.

येथे कोणी म्हणेल, “फादर, हे फार ताणणे झाले. तो मुलगा सज्ञान होता. त्याला नको असते तर तो पॅक झाला असता. गरिबाने खेळूच नये काय? त्याची काळजी वाहण्याच्या नावाखाली तुम्ही त्यास लहान मूल ठरवता.”

आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याची धार आम्ही प्रत्यक्ष अनुभवली. त्या सकाळी आम्ही सव्वातीनशे रुपये एका पाकिटात घालून त्या तरुणाजवळ गेलो. त्याने पाकिटाकडे पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, “फादर, हरलेले पैसे परत घेतले तर पुन्हा त्या सतरंजीवर कोणत्या तोंडाने बसू?” आम्ही निरुत्तर झालो. जिंकताना आम्ही त्यास आपल्या बरोबरीचा मानले होते. आता पैसे परत देऊन आम्ही त्याची ती बरोबरी काढून घेत होतो.

मग परतफेडीचे बंधन आमच्यावर होते की नव्हते? संत थॉमस अक्वायनस यांनी भिक्षादानाची चर्चा करताना एक प्रश्न घेतला आहे: वाममार्गाने मिळवलेल्या धनातून दान करता येते काय? त्यात जुगाराच्या कमाईचाही विचार आहे. ज्यास आपल्या मालमत्तेवर पूर्ण अधिकार नाही अशाकडून, म्हणजे अज्ञान मुलांकडून वा वेड्याकडून, जिंकलेले धन परत केले पाहिजे. तसेच लोभाने कोणास खेळात ओढून फसवून जिंकलेलेही परत केले पाहिजे. त्यातून दान करता येत नाही. ही कसोटी लावली तर आम्ही सुटतो. तरुण सज्ञान होता, फसवणूक नव्हती, आणि खेळात ओढले गेलो असेल तर आम्हीच.

पण खरोखर आम्हीच काय? जेथे धर्मगुरू मांडी घालून बसतो तो खेळ निर्दोष ठरतो. त्या सतरंजीवरून उठणे त्या मुलास इतर दिवशी जितके कठीण गेले असते, त्याहून त्या रात्री अधिक कठीण होते. कारण फादर स्वतः वीस टाकीत होते. आम्ही कोणास बोलावले नाही, पण आमचे बसणे हेच एक बोलावणे होते. कायद्याच्या तराजूत याला वजन नसेल, सद्सद्विवेकबुद्धीच्या तराजूत आहे.

आणि येथेच लहान पैजेचे खरे मर्म आम्हास उमगले असे वाटते. मोठी पैज माणसास सावध करते. कोणी हजार रुपये टाकले असते तर त्या तरुणाने पाने ठेवली असती आणि कोणी त्यास हसले नसते. “एवढी ऐपत नाही बाबा” असे म्हणण्यास मोठ्या रकमेपुढे लाज वाटत नाही. पण वीस रुपयांपुढे हे कसे म्हणावे? वीस रुपयेही नाहीत? लहान पैज मागते थोडे, पण नाही म्हणण्याची वाट बंद करून मागते. नकार देणारा एकतर कंजूष ठरतो नाहीतर कंगाल, आणि गरीब माणूस या दोहोंपेक्षा हरणे पत्करतो. द्यूताचे बोलावणे आले असता नाही म्हणायचे नाही, हा युधिष्ठिराचा बाणा होता. त्या बाण्यापायी राज्य गेले आणि द्रौपदीस सभेत यावे लागले. महाभारताचे राजवैभव बाजूस ठेवले तर आपल्या ओसरीवर तेच घडते. हार पानांमुळे होते त्याआधीच ती न उठता आल्यामुळे झालेली असते.

म्हणून ‘तो पॅक होऊ शकला असता’ हे उत्तर अपुरे आहे. स्वातंत्र्य नुसते नियमात असून भागत नाही, ते त्या बैठकीच्या वातावरणातही असावे लागते.

देशाचा कायदा या विषयाकडे निराळ्या बाजूने पाहतो. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात केवळ कौशल्याच्या खेळांस सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमीमध्ये कौशल्याचा भाग मोठा असल्याचे सांगितले व तीन पानांच्या खेळापासून तिला वेगळे काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा संमत केला, त्यात मोबाइलवर व संगणकावर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. तेथेही सुरुवात दहा-वीस रुपयांपासूनच होत असे. त्या पडद्यावर डावीकडे कोण बसले आहे हे तर मुळीच दिसत नसे; ओसरीवर निदान सकाळचा चहा तरी येतो! कायदा ‘खेळ कोणता’ हे विचारतो आणि ते त्याचे कामच आहे. ‘शेजारी कोण’ हे विचारणे मात्र आपले काम आहे. ते कोणत्याही कायद्याने आपल्याकडून काढून घेतलेले नाही.

आता हा आरसा आम्ही आमच्याकडेही वळवतो. आपल्या धर्मग्रामांत सणाच्या दिवशी हौजी खेळली जाते, लकी ड्रॉची तिकिटे खपवली जातात. आम्ही स्वतः मिस्सेच्या शेवटी वेदीजवळून तिकिटांची जाहिरात केली आहे. हेतू चांगला असतो: छपराची दुरुस्ती, शाळेचे बाक, आजाऱ्यांची मदत. तिकीट वीस रुपयांचे. “वीसच रुपये तर आहेत” हे वाक्य आम्ही ध्वनिवर्धकावरून उच्चारले आहे. तीन पत्तीहून हे निराळे आहे. येथे रक्कम आधी ठाऊक असते, चाल वाढत जात नाही आणि पैसे सत्कार्यास लागतात. पण आठवीतील मुलगा आईच्या पिशवीतले शंभर रुपये घेऊन पाच तिकिटे काढतो आणि सोळा-सतरा तिकिटांचा पुडका एखाद्या विधवा भगिनीच्या हाती ‘खपवा’ म्हणून दिला जातो. न खपलेल्यांचे पैसे ती संकोचाने स्वतः भरते. तेव्हा आमची हौजी आणि मोडनिंबची ओसरी यांत फार अंतर राहत नाही. सत्कार्याच्या छत्रीखाली हा प्रश्न कोरडा राहतो असे समजू नये.

तर मग खेळावेच नाही काय? आम्ही असे म्हणत नाही. संत थॉमस यांनी खेळकरपणास सद्गुणांत स्थान दिले आहे; जो कधीच खेळत नाही व दुसऱ्याच्या गमतीवर विरजण घालतो तोही त्यांच्या मते दोषी आहे. संत फ्रान्सिस द सेल्स नशिबाच्या खेळांविषयी अधिक कठोर आहेत. १६०९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात ते असे दाखवून देतात, की जुगाराचा आनंद जिंकण्यात असतो आणि आपल्या जिंकण्यात सोबत्याचे हरणे असते. मग हा आनंद निर्मळ कसा? कौशल्याच्या खेळांनाही ते मुभा देतात ती पण लहान असेल तरच. संत कमिलस यांची कथा तर प्रसिद्धच आहे. सोळाव्या शतकातील हा सैनिक जुगारात सर्वस्व घालवून बसला होता. १५७५ साली त्याचे हृदयपरिवर्तन झाले आणि पुढे आयुष्यभर त्याने रुग्णांची सेवा केली. एके काळी ज्या डोळ्यांना समोरच्याची फक्त पाने दिसत, त्यांना पुढे समोरच्याचे दुःख दिसू लागले.

आमचे सांगणे साधे आहे. लहान पैज आली तर भाच्याचे दोन प्रश्न खुशाल विचारा, पण त्याआधी तिसरा विचारा: ही कोणासाठी लहान आहे? आणि त्यातून जे निघते ते असे, की डावाची रक्कम सतरंजीवरच्या सर्वांत हलक्या खिशावरून ठरवावी, यजमानाच्या किंवा पाहुण्याच्या खिशावरून नव्हे. हरण्याची मर्यादा चालीला नको, रात्रीला हवी. ‘वीसच्या वर चाल नाही’ हा नियम कुचकामी आहे, ‘पन्नास गेले की प्रत्येकाने उठायचे’ हा नियम उपयोगी आहे. तो सर्वांना सारखा असला की गरिबास आपली गरिबी सांगत उठावे लागत नाही. आणि जो उठतो त्यास कोणी थट्टेनेही ‘एवढ्यात?’ असे विचारू नये. त्या एका शब्दाने पुष्कळांचे पगार गेले आहेत.

प्रभू येशू मंदिरात दानपेटीसमोर बसले होते. धनिक पुष्कळ टाकीत होते. एक गरीब विधवा आली व तिने दोन लहानशी नाणी टाकली. मार्क आणि लूक या दोघांनीही ही घटना नोंदवली आहे. जमलेल्या रकमेच्या मानाने ती नाणी काहीच नव्हती. प्रभूने मात्र ती तिच्या घरात उरलेल्याच्या मापाने मोजली, आणि त्या मापाने ती सर्वांत मोठी ठरली. हा उतारा आम्ही दानाविषयीच्या उपदेशात कितीदा वाचला असेल! तो घेण्याविषयीही आहे, हे मोडनिंबच्या त्या सकाळी प्रथम ध्यानात आले. दुसऱ्याचे नाणे हाती घेताना ते त्याच्या घराच्या मापाने मोजावे.

कालवारी टेकडीवरही एक डाव झाला होता. योहानच्या शुभवर्तमानात त्याचे वर्णन आहे. शिपायांनी एका अखंड विणलेल्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्यांच्या दृष्टीने ती किरकोळ गोष्ट होती, वेळ घालवण्याचे साधन. ज्याचा अंगरखा होता तो त्यांच्या डोक्यावर, हाताच्या अंतरावर होता. त्यांची नजर खाली होती.

त्या सकाळी पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. पाकीट आमच्या हाती तसेच राहिले. पण आम्हास त्या दिवशी सोलापूरला जायचेच होते आणि जीपमध्ये जागा होती. “वाटेतच आहे, आईला घेऊन चल,” असे आम्ही म्हणालो. यावर तो क्षणभर थांबला आणि “चालेल” म्हणाला. तपासणीचे पैसे त्याने यजमानांकडून उसने घेऊन स्वतःच भरले. आम्ही मध्ये पडलो नाही. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता; वेळेवर कळले. परतफेड त्याने नाकारली, सोबत स्वीकारली. न्याय जेथे अडतो तेथून प्रीती पुढे जाऊ शकते, पण न्यायाची बाकी तिने फिटते असे आम्ही म्हणणार नाही. ते सव्वातीनशे रुपये आम्ही नंतर गरिबांच्या पेटीत टाकले. ते टाकताना समाधान वाटले नाही, कारण धनी माहीत असताना त्याचे धन दुसऱ्यास देणे ही खरी परतफेड नव्हे, हे आम्ही इतरांस शिकवत आलो आहोत.

पुढल्या नाताळात आम्ही पुन्हा मोडनिंबास गेलो. जेवणानंतर सतरंजी अंथरली गेली. या वेळी घरच्या माउलींनी चिंचोक्यांचा डबा आणून मध्ये ठेवला व प्रत्येकास पन्नास-पन्नास मोजून दिले. डाव तितकाच रंगला, आरडाओरड तर अधिकच झाली. त्या तरुणाने आमचे सारे चिंचोके जिंकले आणि रात्रभर हसत होता. एका डावात आम्ही पाच चिंचोक्यांची चाल केली, तेव्हा पाने खाली ठेवत तो म्हणाला, “फादर, आता मी पॅक.” कोणी काही बोलले नाही, आणि पुढची पाने वाटली गेली.